साथ आणि ओटीपोटाचे दुखणे



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर यावे आणि किमान वेतन, बोनस, भविष्य निर्वाह निधी हे नेहमीचे विषय सोडून बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्यावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींना थोडा संकोचही वाटत असेल. आम्ही डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण हातात पडतील त्या पुस्तकांतून आणि ओळखीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून झाले. परंतु या विषयाशी आमचा संबंध आहे, आणि तो मजुरीच्या वहीतून आलेला आहे.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांत आमची उमर गेली. हजार विड्यांमागे मजुरी असे या धंद्याचे गणित. मांडीवर सूप घेऊन बाई सकाळी बसते ती दिवेलागणीला उठते. रोज आठशे विड्या वळणारी बाई एकाएकी चारशेवर आली, तर तिच्या संघटनेला कारण शोधावे लागते. पान खराब आले काय, छाट वाढली काय, पोर आजारी आहे काय, असे विचारीत गेले म्हणजे पुष्कळदा खालमानेने उत्तर येते : "कंबर धरलीय", "अंगावरून जातंय", "ओटीत दुखतंय". मजुरीच्या वहीत या दुखण्याला रकाना नाही. त्याची वजाबाकी मात्र त्याच वहीत होते.

प्रथम हे दुखणे काय ते समजून घेऊ. गर्भपिशवीच्या तोंडाशी निसर्गाने चिकट स्रावाचे एक बूच बसविलेले असते. खालच्या मार्गातले जंतू सहसा त्याच्या पलीकडे जात नाहीत. परंतु परम्याचे म्हणजे गोनोरियाचे जंतू, क्लॅमिडिया नावाचे जंतू, किंवा बाळंतपणात अथवा गर्भपातात अस्वच्छ हाताने व हत्याराने आत गेलेले जंतू वर चढतात. पिशवीचे अस्तर सुजते, मग दोन्ही बाजूंच्या बीजनलिका सुजतात, कधी तेथे पू धरतो. यालाच ओटीपोटाचा दाह म्हणावयाचे. बीजनलिकेची आतली वाट सुतासारखी बारीक. सूज उतरली तरी वण राहतात आणि वाट बुजते. मग मूल राहत नाही. किंवा गर्भ राहिला तर तो नळीतच अडकतो, आणि नळी फुटली म्हणजे पोटात रक्तस्राव होऊन बाई काही तासांत दगावू शकते. यांतले काहीच झाले नाही तरी ओटीपोटाचा जुनाट ठणका जन्माचा सोबती होऊन बसतो.

स्वीडनमधील लुंड येथे डॉक्टरांनी अशा स्त्रियांचा पंचवीस-एक वर्षे पाठपुरावा केला. दाह एकदा होऊन गेलेल्या शंभर स्त्रियांत सुमारे आठजणींच्या नलिका निकामी होऊन त्यांना मूल राहिले नाही. दोनदा झालेल्यांत सुमारे वीसजणींच्या. तीन वा अधिक वेळा झालेल्यांत चाळीसजणींच्या. त्याच स्त्रियांच्या नोंदींवरून १९९३ साली आणखी एक गोष्ट दाखविली गेली. दुखू लागल्यापासून तीन दिवस किंवा अधिक उशिरा उपचारास आलेल्या बायकांत हे पुढचे नुकसान लवकर आलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. हा तीन दिवसांचा हिशेब कृपा करून ध्यानात ठेवावा, कारण आपण ज्या काळाविषयी बोलणार आहोत त्यात बायका तीन-तीन महिने थांबल्या.

परदेशातले आकडे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या गडचिरोलीतले घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि आमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली. शंभरांतल्या ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या शंभरात आठच निघाल्या. म्हणजे साथ नसते तेव्हाही घर आधीच ओले असते. साथ येते ती त्या घरावरचे कौलच काढून नेते.

आता साथीकडे येऊ. 'टाळेबंदी' हा शब्द मूळचा आमच्या धंद्यातला. मालक गिरणीला टाळे ठोकी तेव्हा आम्ही तो वापरीत असू. २४ मार्च २०२० च्या रात्री तो सगळ्या देशाला लागला. संपाची आणि टाळेबंदीची सवय असलेल्या आम्हा लोकांनाही दवाखान्याच्या दाराची टाळेबंदी नवीन होती.

एक गैरसमज आधी दूर करू. कोरोनाचा विषाणू ओटीपोटात उतरून गर्भपिशवी नासवितो, असे काही नाही. तो मुख्यतः श्वासाच्या वाटेचा रोग. तापानंतर काहींची पाळी महिना-दोन महिने पुढेमागे झाली, कमी-जास्त गेली. पण धास्ती आणि उपासमार यांनीही पाळी बिघडते. ती नियमित ठेवणारा हुकूम मेंदूतून सुटतो, आणि मेंदू काळजीत असला की तो हुकूम चुकतो. लस घेतल्याने वांझपण येते ही आवई तर आमच्या वस्त्यांत घरोघर फिरली. पाळीच्या आधी पाच दिवस व नंतर पाच दिवस लस घेऊ नये, असेही निरोप आले. नंतर हजारो स्त्रियांच्या पाळीच्या नोंदी तपासल्या तेव्हा लसीनंतर पाळी सरासरीने एक दिवसाहूनही कमी लांबली, तीही तात्पुरती, असे दिसले. गरोदर स्त्रियांना लस देण्याची परवानगी आपल्या सरकारने २ जुलै २०२१ रोजी दिली. तोवर बाजारात लस आणि अफवा दोन्ही शिळ्या झाल्या होत्या.

तेव्हा विषाणूने थेट केले ते थोडे. त्याच्यासाठी केलेल्या बंदोबस्ताने केले ते फार.

पहिली गोष्ट पाळीच्या कपड्याची. बंदी जाहीर झाली तेव्हा जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत सॅनिटरी पॅड स्पष्टपणे लिहिलेले नव्हते; ते तिच्यात येतात हा खुलासा २९ मार्चला निघाला. यादी करणाऱ्यांच्या टेबलाशी किती बायका बसल्या होत्या, ते आपणच ताडावे. शाळकरी मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देणारी 'अस्मिता' योजना आपल्या राज्यात ८ मार्च २०१८ पासून सुरू होती. पण शाळाच बंद, तर शाळेच्या वाटेने येणारी वस्तू पोहोचणार कशी? मुली पुन्हा घरच्या कापडावर आल्या. कापड वाईट असे आम्ही म्हणत नाही. सुती, साबणाने धुतलेले, उन्हात वाळविलेले कापड पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. पण ऊन पाहिजे आणि आडोसाही पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत नवरा, दीर, सासरे, पोरे चोवीस तास घरी, गल्लीत बंदोबस्त, गच्चीवर पुरुषांचा पत्त्यांचा डाव. अशा वेळी ते कापड पलंगाखाली, मोरीच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली दमटच वाळते. ओडिशातील स्त्रियांच्या तपासणीत पुन्हापुन्हा वापरावयाच्या कापडाचा आणि खालच्या मार्गाच्या व लघवीच्या जंतुदोषाचा संबंध २०१५ साली दाखविला गेला आहे. खालचा दोष म्हणजे लगेच वरचा दाह नव्हे, हे खरे. परंतु दाराशी चोर जमले म्हणजे कडीवर भार वाढतो.

दुसरी गोष्ट शौचालयाची. सार्वजनिक शौचालयात जावयाचे तर रांग, रांगेत साथीची भीती, आणि घरातून बाहेर पडले की पोलिसाचा सवाल. बायका पाणी पिणे कमी करतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. लघवीची जळजळ सुरू होते, आणि जळजळ कसली व ओटीचे दुखणे कुठले, हे तपासल्याशिवाय कळत नाही. इस्पितळातल्या परिचारिका भगिनींचे हाल याहून वेगळे नव्हते. अंगावर तो प्लास्टिकचा पोशाख सहा-सहा, आठ-आठ तास. एकदा चढविला की पाळी संपेपर्यंत काढता येत नाही. कामाची पाळी आणि महिन्याची पाळी एकाच दिवशी आली म्हणजे काय होते, हे त्यांनी आम्हांस सांगितले. ते येथे सांगत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि तिच्यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहो. दवाखाने बंद होणे म्हणजे केवळ औषध बंद होणे नव्हे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया थांबल्या, तांबी बसविणे थांबले, गोळ्या व निरोधचा पुरवठा आटला. आणि नवरे मात्र घरी. परिणाम सांगावयास नको. ज्यांना ते मूल नको होते त्या कोठे गेल्या? गर्भपात कायदेशीर करणारा कायदा आपल्या देशात १९७१ चा. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्राने ही सेवा अत्यावश्यक आहे असे लिहूनही दिले. पण कागदावर दार उघडे आणि दारापर्यंत जाण्यास वाहन नाही. त्या पहिल्या तीन महिन्यांत देशात साडेअठरा लाख गर्भपात वेळेवर किंवा योग्य ठिकाणी होऊ शकले नसावेत, असा अंदाज आयपास डेव्हलपमेंट फाउंडेशन या संस्थेने केला. अंदाज म्हणजे मोजदाद नव्हे. तो निम्म्याने चुकला असे धरा, तरी आकडा नऊ लाखांवर जातो. नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरलेल्या गोळ्यांनी होणारा गर्भपात सुखरूप असतो. परंतु कोणाच्या तरी हाती चोरून आणविलेली अर्धीमुर्धी मात्रा, चौथा महिना लागलेला, आत काही राहून गेलेले आणि रक्त थांबत नाही, येथूनच जंतू वर चढण्याची वाट उघडते. गर्भपिशवीचे तोंड उघडे, आत कुजण्यास जागा, आणि विचारावयास कोणी नाही.

चौथी गोष्ट भीती. आमच्या ओळखीची एक विडी कामगार भगिनी, वय तिशीच्या आतबाहेर. २०२० च्या मे महिन्यात तिला ताप आणि ओटीत कळा सुरू झाल्या. फोनवर आम्ही म्हटले, "ताई, दवाखान्यात जा, आम्ही पास काढून देतो." ती म्हणाली, "अण्णा, ताप म्हटलं की उचलून नेतात. गल्लीला पत्रे ठोकतात. माझ्यापायी साऱ्या गल्लीची विडी बंद होईल." तिने किराणा दुकानातल्या तापाच्या गोळ्यांवर दिवस काढले. जुलैत तिला उचलूनच न्यावे लागले, तेव्हा नळीत पू झालेला. शस्त्रक्रियेत एका बाजूची नळी आणि बीजकोश काढला. ती वाचली; विड्या वळते; सहाशेच्या पुढे जात नाही.

तिची भीती खुळी होती काय? १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या शिपायांनी घरे कशी तपासली आणि बायकांची कशी विटंबना झाली, हे आपण शाळेत शिकलो. लोकांनी रोगी लपविले, प्रेते लपविली. त्याच वर्षी झालेला साथरोगाचा कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. शिपाई आता आपलेच, वागणूकही पुष्कळ ठिकाणी माणुसकीची. परंतु रोगी म्हणजे संशयित हा भाव लोकांच्या मनात सव्वाशे वर्षांनीही तेवढाच ताजा निघाला. आणि ओटीपोटाच्या दाहाची दोन मुख्य चिन्हे म्हणजे दुखणे आणि ताप. दुखणे सांगावयाची लाज, ताप सांगावयाची भीती. बाईने बोलावे तरी काय?

या काळात स्त्रीरोगाचे व गुप्तरोगाचे रुग्ण कमी झाले, असे काही कागद दाखवितात. इंग्लंडमध्ये २०२० साली गुप्तरोगांचे नवे निदान आदल्या वर्षाहून सुमारे एक-तृतीयांशाने उतरले. तेथल्याच आरोग्य खात्याने सांगितले की, याचे एक मोठे कारण तपासण्या कमी झाल्या हे आहे. आपल्याकडे क्षयाचे उदाहरण पाहा. २०१९ साली देशात २४ लाख क्षयरोगी नोंदले गेले, २०२० साली १८ लाख. सहा लाख माणसे बरी झाली काय? ती नोंदीबाहेर खोकत राहिली. आणि क्षय छातीतच राहतो असे नाही. तो बीजनलिकांत उतरतो, आणि आपल्या देशात मूल न होण्याच्या कारणांत त्याला मोठे स्थान आहे. छातीतला क्षय खोकल्याने कळतो. नळीतला क्षय चिडीचूप असतो. लग्नानंतर पाच वर्षांनी सासूच्या टोमण्यांतून तो पहिल्यांदा बोलतो.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची कथा तीच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या आतल्या शंभर स्त्रियांत जेमतेम दोघींची ती तपासणी कधीतरी झालेली निघाली. साथीने यातून काय हिरावले असेल? जेथे मुळात काहीच नव्हते तेथे हिरावण्यासारखेही थोडेच होते.

आता त्या गोष्टीकडे वळतो जिच्यामुळे आम्हांस हा विषय घ्यावासा वाटला. औषधाने बरे होणारे दुखणे औषधावाचून लांबले की त्याला एकच उपाय सांगितला जातो : "पिशवी काढून टाका." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांविषयी २०१९ साली विधिमंडळात प्रश्न आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक. देशाचे सर्वसाधारण प्रमाण पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत शंभरात तीनच्या आसपास आहे. वयाचा फरक जमेस धरला तरी हे अंतर बुजत नाही. कोयत्याचा हिशेब आपण जाणता : नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा झाला तर दंड. फडाशेजारी पाल, पालाला न्हाणी नाही, संडास नाही. पाळी आली की खाडा. अंगावरून जाऊ लागले की खाडा. तेव्हा पिशवीच नको, असा हिशेब मुकादमाच्या, घरच्यांच्या आणि शेवटी तिच्याही तोंडी बसतो. तरुणपणी पिशवी आणि तिच्याबरोबर बीजकोश काढले की हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, हृदयविकार लवकर येतो. हे तिला कोण सांगतो?

हीच माणसे मार्च २०२० मध्ये कारखान्यांच्या आवारांत आणि रस्त्यांवर अडकून पडली. लाखाहून अधिक मजुरांना गावी परतण्याची परवानगी मिळाली तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता. त्या पालांत ज्या बायका होत्या, त्यांच्या ओटीपोटाचे काय झाले याची पाहणी आमच्या वाचनात आलेली नाही.

विडीवाल्या बायांचे दवाखाने १९७६ च्या कायद्याने विडीवर बसविलेल्या उपकरातून चालत. धंदा बायांच्या फुप्फुसावर चालतो, तर त्यातला थोडा पैसा त्यांच्या औषधाला जावा, असा साधा न्याय त्यात होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर उठला. दवाखान्यांचा खर्च सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर गेला. साथ त्यानंतर तीन वर्षांनी आली. शहराबाहेर कुंभारीला राहणाऱ्या बाईला बस बंद झाल्यावर चालत किती यावे लागेल, याची कल्पना सोलापूरकरांना द्यावयास नको.

या सगळ्या अंधारात जी एक बाई दारोदार गेली ती आशा सेविका. राज्यात त्या सत्तर हजारांच्या आसपास. ताप मोजा, प्राणवायू मोजा, यादी करा. हे सर्व मानधनावर. जून २०२१ मध्ये त्यांनी आठवडाभर संप केला आणि दीड हजार रुपयांची वाढ मिळविली. पुढल्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. गौरवाचे आम्हांस वावडे नाही. पण घरात शिरून एका बाईशी हलक्या आवाजात बोलू शकणारी सरकारची ती एकुलती एक प्रतिनिधी, आणि तिच्या पाहणीच्या कागदावर खोकला होता, वास जाणे होते, ओटीचे दुखणे नव्हते. एक ओळ वाढवावयास कितीसा खर्च आला असता?

पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू नये. येणार हे मात्र धरून चालावे. आमच्या संघटनेने मागण्यांच्या कागदात आता वेतनाच्या बरोबरीने ही कलमे घातली आहेत : कोणतेही इस्पितळ साथीसाठी राखले तरी त्याच गावात स्त्रीरोगांचे एक दार रोज उघडे राहावे, शिधावाटपाच्या पिशवीत धान्याबरोबर पॅड असावेत, आशांच्या कागदावर ती ओळ यावी, घरी काम करणाऱ्या मजूर स्त्रीला आजारपणाचे पैसे मिळावेत, आणि चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय काढू नये. वाटाघाटीला बसलो तेव्हा समोरच्या एका गृहस्थांनी विचारले, "या मागण्यांचा उत्पादनाशी काय संबंध?" आम्ही त्यांच्यापुढे मजुरीची वही ठेवली.

जाता जाता उपयोगाचे बोलतो. हे दुखणे असे ओळखावे : ओटीपोटात दोन्ही बाजूंस ठणका, अंगावरून दुर्गंधीचे वा पिवळट जाणे, पाळी नसताना रक्त दिसणे, संबंधाच्या वेळी दुखणे, सोबत ताप. पाळी चुकलेली असून एका बाजूस कळ येत असेल आणि घेरी येत असेल, तर तास न घालविता मोठ्या इस्पितळात न्यावे. आतून पाण्याचा किंवा औषधी द्रवाचा फवारा मारून धुऊ नये; त्याने राखण करणारे चांगले जंतू वाहून जातात. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते. तेथे तपासणी आणि औषध फुकट मिळते. राष्ट्रीय कार्यक्रमात रंगावरून ओळखावयाचे औषधांचे संच ठरले आहेत. ओटीपोटाच्या दाहासाठी पिवळा, क्रमांक सहा. त्यात तीन औषधे असतात. एक पहिल्याच दिवशी एकदाच घ्यावयाचे, बाकीची दोन चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी दुखणे थांबते म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या जातात, तसे करू नये. आणि तीन दिवसांत काहीच उतार पडला नाही तर परत जाऊन दाखवावे. येथे बसलेल्या पुरुषांस एवढेच सांगणे की, बायकोबरोबर त्या खोलीपर्यंत जावे आणि दारात थांबू नये. आत तुमचीही तपासणी व्हावयाची असते, आणि तुमच्याही वाट्याच्या गोळ्या तेथे ठेवलेल्या असतात.